टोचून झाल्यावर सुई कुठे जाते?

लेकीला टाइप वन डायबेटिस आहे असं कळलं, तेव्हा दवाखान्यात आम्हाला पुष्कळ शिकवलं. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. टोचायची जागा रोज बदला. शुगर ७० च्या खाली गेली की आधी ग्लुकोज, बाकी सगळं नंतर. मी एका वहीत उतरवून घेत होते आणि शेजारी बसलेला नवरा इन्सुलिन टोचायचं पेन उघडायचं-लावायचं करून बघत होता. त्या सगळ्या शिकवणीत एक गोष्ट कुणी काढलीच नाही. वापरलेली सुई टाकायची कुठे? डिस्चार्जच्या कागदांतही त्याबद्दल ओळ नव्हती.

दिवसातून चार वेळा शुगर बघायची आणि चार वेळा इन्सुलिन घ्यायचं असं धरलं, तर एका माणसाच्या वर्षाला जवळजवळ तीन हजार सुया होतात. आमची सोसायटी काही मोठी नाही, तरी इन्सुलिनवर असलेले आजी-आजोबा दर मजल्यावर सापडतील. नुसती शुगर बघणारे तर घरोघरी. म्हणजे एका साध्या इमारतीतून वर्षाला किती हजार सुया बाहेर पडत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. त्यातल्या बहुतेक वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून सुक्या कचऱ्यात जातात.

हीच सुई दवाखान्यात वापरली असती तर तिचा थाट वेगळा असता. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात पडली असती. डबा वेगळ्या गाडीतून गेला असता, सुया वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक झाल्या असत्या, त्यांचा चुरा झाला असता, आणि शेवटी त्या लोखंडाच्या भट्टीत किंवा सिमेंटच्या बंद खड्ड्यात गेल्या असत्या. घरातल्या सुईच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. टोक तेवढंच तीक्ष्ण, रक्तही माणसाचंच.

कायद्यात घरातल्या सुईची दखल नाही असं मात्र नाही. २०१६ च्याच घनकचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि जुन्या औषधांच्या रांगेत. ओला, सुका आणि हा तिसरा, असे तीन भाग घरातच वेगळे करायचे, आणि पालिकेने दर वीस चौरस किलोमीटरला या तिसऱ्या कचऱ्यासाठी एक केंद्र उघडायचं, असं त्यात लिहिलं होतं. आपल्या भागातलं असं केंद्र कुठे आहे, हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारणं हा आपला हक्क आहे. जरूर विचारा. पण उत्तर येईपर्यंत सुया साठत राहतात, आणि त्यांचं काय करायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझं डोकं या विषयात अडकलं ते खाली पार्किंगमध्ये उभी राहिले त्या सकाळी.

पुण्याच्या मोठ्या भागात दारोदार कचरा गोळा करतात त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद. ही कचरावेचकांची स्वतःची संस्था. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' निघाली आणि पालिकेबरोबर करार करून काम करू लागली. आमच्याकडे येणाऱ्या ताई सकाळी आठच्या सुमारास येतात. सगळ्या मजल्यांच्या बादल्या खाली आणतात, कोपऱ्यात ताडपत्री पसरतात आणि सुका कचरा तिच्यावर ओततात.

त्या दिवशी मला कामावर उशिरा जायचं होतं, म्हणून मी थांबून नीट बघितलं. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शाम्पूच्या बाटल्यांचं कडक प्लास्टिक वेगळं. गाठ मारलेली पिशवी आली की ताई ती आधी बाहेरून चाचपायच्या. आत काय आहे ते बोटांना कळतं. मग गाठ सोडायच्या. भंगारात ज्याला भाव नाही ते सगळं शेवटी गोणीत भरायचं, आणि गोणीत जागा व्हावी म्हणून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून, खाली दाबायचं. हातात रबरी मोजे होते, दोन बोटांशी फाटलेले. ते धड असते तरी लॅन्सेट, म्हणजे शुगर बघताना बोट टोचायची बारकी सुई, अडली नसती.

मी विचारलं, "ताई, सुई लागते का हो कधी?"

"लागती की. दवाखान्याची मोठी सुई दिसती तरी. ही शुगरवाल्यांची बारकी, ती दिसतच न्हाई. लागल्यावर कळतं."

"मग काय करता?"

"काय करायचं? पाण्यानं धुवायचं, चिंधी बांधायची. दिवस बुडवून दवाखान्यात कोण जातंय."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पायाला ठेच लागते तसं सांगितलं. मला ते ऐकवेना. माझ्या लेकीच्या बोटाला टोचताना मी दरवेळी कड बघते, मधला भाग टाळते, कारण कडेला कमी दुखतं. आणि तीच सुई दुसऱ्या दिवशी एका बाईच्या तळव्यात जायची, हे मला चालणार नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: आपण वापरलेली सुई आपल्यानंतर कुणाच्याही हाताला लागता कामा नये. कुणाच्याही. खाली लिहिते आहे ते सगळं त्या नियमातून निघालेलं आहे.

पहिली गोष्ट डब्याची. लोक सांगतात, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरा. मी म्हणेन, भरू नका. एक तर ती पातळ असते, दाबली की चेपते आणि सुईचं टोक बाहेर येतं. दुसरं कारण मला ताईंकडे बघून कळलं: पाण्याची बाटली म्हणजे त्यांच्यासाठी पैसे. आत काही असलं तर त्या झाकण उघडून ते ओतून देणार आणि बाटली घेणार. तेच त्यांचं काम आहे. आपण सुया त्यांच्या कमाईच्या वस्तूत भरून द्यायच्या आणि वर म्हणायचं की उघडली कशाला, हा अन्याय झाला.

काचेची बरणीही नको. पडली तर काचा आणि सुया दोन्ही एकत्र गोळा करायच्या. मिठाईचा पुठ्ठ्याचा बॉक्स तर नकोच. आम्ही कपडे धुवायच्या लिक्विडची बाटली वापरतो, जाड, अपारदर्शक, फिरकीचं झाकण असलेली. तोंड असं हवं की सुई सहज आत पडेल पण लहान मुलाचा हात जाणार नाही. लेकीचा धाकटा मावसभाऊ घरी येतो तेव्हा हे फार महत्त्वाचं असतं, कारण त्याला दिसेल त्या बाटलीत हात घालायचा असतो. सुया टाकायचे तयार डबे, शार्प्स कंटेनर, हेही मिळतात, ऑनलाइन किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात. परवडत असेल तर उत्तमच. माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये आहे, तिच्या नवऱ्याला तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पिवळा डबा मिळतो, औषधासारखा. इथे आपल्या इन्सुलिनच्या बिलाबरोबर असा एक डबा मिळायला काय हरकत आहे, असं मला दर महिन्याला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिल्यावर वाटतं.

बाटली पाऊण भरली की बंद. गळ्यापर्यंत भरायची नाही, आणि जागा करायला हलवून-दाबून तर मुळीच नाही. झाकण घट्ट लावून भोवती चिकटपट्टीचे तीन-चार वेढे. बाटलीवर मी आधी जाड मार्करने लिहायचे, 'वापरलेल्या सुया. उघडू नका.' एकदा ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, "लिवलेलं आमच्यातल्या समद्यांना वाचता येत न्हाई, चित्र काढा." तेव्हापासून दोन्ही बाजूंना मोठी सुई आणि तिच्यावर फुली काढते. हे काम आता लेकीकडे आहे. ती फार मन लावून काढते, सुईतून रक्ताचा थेंबही पाडते.

पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत आहे. चांगली पद्धत आहे, ठिपका दिसला की ते पुडकं कुणी उघडत नाही. पण सुयांना तो उपाय पुरत नाही. ठिपका उघडण्यापासून वाचवतो, दाबण्यापासून नाही. कागदातून सुई आरपार येते.

आता सुई काढायची कशी, ते. लॅन्सेट बसवताना आपण तिच्या टोकावरची प्लास्टिकची गोल चकती पिळून काढतो. ती चकती फेकायची नाही. शुगर बघून झाली की चकती टेबलावर आडवी ठेवायची, दुसरा हात पाठीमागे घ्यायचा, खरोखर पाठीमागे, आणि बोट टोचायच्या पेनमध्ये असलेल्या लॅन्सेटचं टोक वरून त्या चकतीत खुपसायचं. मग पेनचा खटका सरकवून लॅन्सेट थेट बाटलीत सोडायची. हाताने उपटायची नाही. दुसरा हात पाठीमागे घेणं सुरुवातीला नाटकी वाटतं, पण बोट टोचलं जातं ते नेमकं झाकण धरलेल्या हाताचं.

इन्सुलिन पेनच्या सुईचं थोडं निराळं. ती दुतोंडी असते. चार मिलिमीटरचं टोक कातडीत जातं ते सगळ्यांना दिसतं, पण दुसरं टोक आतल्या बाजूला, इन्सुलिनच्या काडतुसाच्या रबरात शिरलेलं असतं. पेनवरून सुई काढली की ते उघडं पडतं. म्हणून मोठं बाहेरचं टोपण टेबलावर उभं ठेवून सुई त्यात बसवायची, टोपणासकट पिळून काढायची आणि तशीच बाटलीत टाकायची. टोचून झाल्यावर सुई पेनला लावून ठेवायची सवय पुष्कळांना असते. त्याने इन्सुलिन गळतं, आत हवा जाते, पुढच्या वेळी डोस कमी-जास्त होऊ शकतो. आणि टेबलावर पडलेलं असं पेन उचलायला घरातलं लहान पोर पुढे येतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरं कुणी टोचत असेल, सून, मुलगा किंवा कामाला येणारी मावशी, तर धोका त्या टोचणाऱ्याला. स्वतःची सुई स्वतःला लागली तर फार तर दुखतं. दुसऱ्याची लागली तर प्रश्न वेगळा होतो. अशा घरांनी आपोआप झाकल्या जाणाऱ्या सेफ्टी सुयांबद्दल डॉक्टरांना विचारावं. महाग पडतात, पण मावशींना लागल्यावर होणाऱ्या धावपळीपेक्षा स्वस्त.

एकच सुई अनेकदा वापरण्याबद्दल: आमच्या डॉक्टरांनी एका सुईला एकदाच असं सांगितलं आहे आणि आम्ही ते पाळतो. पैशांमुळे सगळ्यांना ते जमत नाही हे मला माहीत आहे आणि मी कुणाला नावं ठेवणार नाही. फक्त जी सुई परत वापरायची ती फक्त त्याच माणसाला, हे तरी सोडू नका.

अंगावर चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहतं. दंडावर सेन्सर बसवून झाला की हातात जो मोठा पांढरा ठोकळा उरतो, त्याच्या पोटात सुई असते. आत सरकलेली असते म्हणून दिसत नाही. तो खेळण्यासारखा दिसतो आणि चांगल्या प्लास्टिकचा असतो, म्हणजे कुणीतरी उघडणार हे ठरलेलं. तोही सुयांबरोबरच.

आता आमच्या घरातल्या सगळ्यात कठीण प्रसंगाबद्दल. दिवाळी. फराळाची ताटं उचलली जातात, लेक जेवणाआधी शुगर बघायला किट उघडते, आणि सुरू होतं. "माझी पण बघ ना गं." मामा पुढे येतो, मग काका, मग आत्या, मग शेजारचे आजोबा. सगळे बोट पुढे करून रांगेत. कुणी म्हणतं, "सुई बदल हवं तर." कुणी म्हणतं, "घरच्यांची काय लाज? तीच चालेल."

चालत नाही. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस जिवंत राहतो. ज्यांना तो आहे त्यातल्या अनेकांना ते ठाऊकच नसतं, वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही. सुई बदलली तरी पेनच्या टोपणाला, जिथून सुई बाहेर येते तिथे, रक्ताचा अंश राहू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसेल इतका असेलच असं नाही. टोचायचं पेन एका माणसाचं एकच, टूथब्रशपेक्षा कडक नियमाने. लेकीने हे आता स्वतः सांगायला सुरुवात केली आहे, "मामा, माझं पेन कुणाला देत नाही." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा एक-दोघांचे चेहरे उतरले होते. आत्या तर म्हणाल्या, "एवढी परकी झालो का आम्ही?" मी मध्ये पडले नाही, तिचं तिला सांगू दिलं. तिने आत्यांना शांतपणे सांगितलं की हे परकं-आपलं बघून ठरत नाही, आणि ती त्यांचं पेनही घेणार नाही. आता मी दिवाळीच्या आधी खटका दाबला की एकदाच चालणाऱ्या, आपोआप निकामी होणाऱ्या लॅन्सेट आणून ठेवते. ज्याला बघायचीच आहे त्याला हात साबणाने धुवायला लावते, कारण करंजीच्या बोटांनी शुगर बघितली तर आकडा भलताच येतो आणि सगळं घर घाबरतं. मीटरला रक्त लागणार नाही एवढं बघते, मध्ये पुसून घेते. आणि ज्यांनी चाळिशीनंतर एकदाही तपासणी केलेली नाही त्यांना सांगते की लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्या, दिवाळीच्या दिवशीच्या आकड्यावर काही ठरत नाही.

शाळेतही हेच. वर्गमैत्रिणींना कुतूहल असतं, आणि ते असावंच. वर्गशिक्षिकांना मी वर्षाच्या सुरुवातीला भेटते. लेक बोट टोचते ते ऑफिसशेजारच्या खोलीत, आणि सुई परत घरी आणते.

घरी आणायची कशात, तर शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या रिकाम्या डबीत. पंचवीस किंवा पन्नास स्ट्रिपची जी लहान, जाड प्लास्टिकची डबी असते, तिच्यात दिवसभराच्या लॅन्सेट सहज मावतात. झाकण खटक्याचं असतं, दप्तरात दाबून उघडू शकतं, म्हणून वर रबरबँड. नवीन डबीशी घोळ होऊ नये म्हणून तिच्यावर लाल नेलपॉलिशची फुली. प्रवासालाही हीच डबी. रेल्वेत सुई सीटच्या जाळीत ठेवायची नाही, चादरीत गुंडाळायची नाही, संडासात टाकायची नाही. ती चादर कुणीतरी हातांनी घडी घालणार असतं. हॉटेलच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यातही नाही. मंगल कार्यालयात तर जेवणाच्या पत्रावळींबरोबर सगळं एकत्र होतं आणि ते उचलणाऱ्या बाया मोजे सोडाच, चपलाही घालत नाहीत.

आमचं गाव कोकणात आहे. तिथे कचऱ्याची गाडी येत नाही. काही जाळतात, काही परसात पुरतात, बाकीचं शेणखताच्या खड्ड्यात. तिथे सासऱ्यांचे एक चुलतभाऊ इन्सुलिन घेतात, सुया खड्ड्यातच टाकत. ते खत जूनमध्ये भातशेतीत जातं आणि लावणीला सगळे अनवाणी चिखलात असतात. मी त्यांना हे असंच सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "असं कधी डोक्यातच आलं नाही बघ." आता ते एका जुन्या कॅनमध्ये सुया साठवतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी तपासायला जातात तेव्हा तिथल्या सिस्टरांना विचारून देतात. गावात राहणाऱ्यांना हा मार्ग बरा पडतो, कारण केंद्रातल्या लसीकरणाच्या सुया कुठेतरी जातातच, त्यांच्याबरोबर आपल्याही जाऊ शकतात. सुया जाळून संपत नाहीत हेही तिथे सांगावं लागलं. प्लास्टिक जळतं, राखेत पोलाद राहतं.

सुई हातातून निसटून फरशीवर पडली तर? आमच्याकडे पडली की लेक "थांबा सगळे!" असं ओरडते आणि सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. हाताने चाचपडत शोधायचं नाही, केरसुणीही फिरवायची नाही, नाहीतर ती केरसुणीत अडकून बसते. दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीला अगदी टेकवून आडवा धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. सुई असेल तिथे बारीकशी रेघ चमकते आणि तिची सावली लांब पडते. मग चिमट्याने उचलायची. आमचा तो चिमटा वेगळा आहे, बाटलीला दोऱ्याने बांधलेला.

आणि एवढं करूनही कुणाला लागलीच तर. बोट तोंडात घालायचं नाही, ही आपली लहानपणापासूनची सवय आहे आणि ती इथे घातक आहे. पिळून रक्त काढायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं, वर फिनेल, ब्लीच असलं काही ओतायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. सुई कुणाची होती हे माहीत असेल तर ते सांगायचं, त्या माणसाची रक्ततपासणी करता येते. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती लगेच द्यावी लागते. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आणि जितकी लवकर तितकं बरं, पहिल्या दोन तासांत झाली तर सर्वांत उत्तम.

घाबरवायला नाही, पण आकडे माहीत असावेत. लस न घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई लागली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के, हिपॅटायटिस सीमध्ये दोन टक्के किंवा त्याहून कमी, एचआयव्हीमध्ये ०.३ टक्के असं धरतात. लॅन्सेट भरीव असते, तिच्यात रक्त कमी राहतं. इन्सुलिनची सुई पोकळ असते. डायबेटिस हा रोग सुईतून कुणाला होत नाही, हेही सांगून ठेवते, कारण ताईंनी मला ते विचारलं होतं.

ताईंची लस झालेली नव्हती. आम्ही सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून त्यांचे आणि त्यांच्या जाऊबाईंचे हिपॅटायटिस बीचे डोस करून घेतले. तीन डोस असतात, सहा महिन्यांत पूर्ण होतात. धनुर्वाताचं इंजेक्शनही. दिवस बुडू नये म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वेळ दिली. तुमच्याकडे कचरा नेणाऱ्या माणसाला हे विचारून बघा. दिवाळीच्या बोनसइतकंच हे देणं आहे असं मला वाटतं.

राहता राहिलं भरलेल्या बाटलीचं. ती मी कचऱ्यात टाकत नाही. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी ठरलेल्या दिवशी कचरा नेते, तिच्यात ते आमची बाटली घेतात. सगळे डॉक्टर घेत नाहीत. त्यांना त्या कचऱ्याचे पैसे भरावे लागतात आणि हिशेब ठेवावा लागतो, तेव्हा त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. आधी फोन करून विचारायचं, भरलेली बाटली घेऊन थेट दारात उभं राहायचं नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर जवळची पॅथॉलॉजी लॅब, ती नाही तर ज्या हॉस्पिटलात तुमची फाइल आहे तिथला डायबेटिस विभाग, आणि शेवटी क्षेत्रीय कार्यालय. कुणीच घेईना, अशी वेळ आली तर सील केलेली, चित्र काढलेली बाटली कचरा नेणाऱ्यांच्या हातात वेगळी द्यायची, तोंडाने सांगून. बादलीत गुपचूप सरकवायची नाही.

सोसायटीत आता इन्सुलिनवाली सात-आठ घरं अशा बाटल्या भरतात. महिन्यातून एकदा कुणीतरी स्कूटरवरून दवाखान्यात पोचवतं, पाळी लावलेली आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये एकच मोठा सामायिक डबा ठेवावा अशी सूचना मीटिंगमध्ये आली होती. मी विरोध केला. उघडा डबा, त्यात कुणीही काहीही टाकणार, आणि भरल्यावर तो उचलायचा वॉचमननेच. प्रत्येकाने आपली बाटली आपल्या घरात सील करायची, हे शेवटी सगळ्यांना पटलं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांशी बोलणं चालू आहे. ज्यांच्याकडून सुया विकत घेतो त्यांच्याकडेच त्या परत द्यायच्या, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, "वहिनी, जागा कुठे आहे इथे?" काउंटरखालची जागा मी मोजून आले आहे. एक डबा बसतो. येत्या महिन्यात इन्सुलिन आणायला जाईन तेव्हा परत विचारणार आहे, आणि सोसायटीतल्या बाकीच्या घरांनाही विचारायला सांगितलं आहे.